रेनेसाँ काळातलं संगीत स्वतः गायचं-वाजवायचंय? आधी गळ्यापासून सुरुवात करा

युरोपातलं साधारण १४५० ते १६०० या काळातलं संगीत ऐकून ज्यांना वाटतं की हे आपणही करून बघावं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ऐकणारे बरेच भेटतात, टॅलिस, पालेस्त्रीना, जोस्कँ हे तेव्हाचे संगीतकार रोज हेडफोनवर ऐकणारे लोक मला माहिती आहेत, पण करून बघणारे फारच कमी. कारण सगळ्यांची समजूत अशी की त्यासाठी आधी ल्यूट (छेडून वाजवायचं गिटारसारखं वाद्य) पाहिजे, व्हायोल (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) पाहिजे, दगडी चर्च पाहिजे आणि स्वित्झर्लंडला जाऊन शिकून यायला पाहिजे. बासेलची स्कोला कान्टोरम बासिलिएन्सिस १९३३ पासून हेच शिकवते आणि तिथे जायला मिळालं तर जरूर जा, पण सुरुवात करायला चार माणसं, चार कागद आणि एक खोली एवढं पुरतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. या संगीतात "मुख्य गाणं आणि साथ" असा प्रकार जवळपास नसतोच. चार पार्ट असतील तर चारही पार्ट म्हणजे स्वतंत्र चाली, प्रत्येकीला स्वतःचे शब्द, स्वतःचा श्वास, स्वतःचा चढउतार. त्यामुळे तुम्ही वाद्य वाजवणार असलात तरी तुमची ओळ आधी तोंडाने गाता आली पाहिजे. हे माझंच मत नाही, व्हेनिसच्या सिल्वेस्त्रो गानास्सीने १५३५ साली रेकॉर्डर या बासरीसारख्या वाद्यावर 'फोन्तेगारा' नावाचं पुस्तक छापलं, त्यात सुरुवातीलाच तो सांगतो की वाद्याने माणसाच्या आवाजाची नक्कल करायची असते. मी तरी नवीन माणसाला पहिले काही आठवडे वाद्याला हातच लावू देत नाही.

माणसं कुठून आणायची

चार जण बास. एका पार्टला एकच माणूस, हे त्या काळात अगदी नेहमीचं होतं, घरात जेवणाच्या टेबलाभोवती बसून लोक माद्रिगाल, म्हणजे कवितांवरची अनेक आवाजांची गाणी, गायचे. जॉन डाउलंडचं १५९७ चं गाण्यांचं पुस्तक बघाल तर पान असं छापलंय की पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की तिन्ही-चारी बाजूंना बसलेल्या प्रत्येकाला आपापला पार्ट सरळ दिसतो. मोठा कॉयर (गायकवृंद) जमवायच्या मागे लागू नका, त्यात नवीन माणूस शेजाऱ्याच्या आवाजाला टेकून गातो आणि स्वतःची ओळ कधीच धरत नाही.

नोटेशन वाचणारी माणसं हवी असतील तर चर्चच्या कॉयरमध्ये बघा. गोव्यात पॅरिशच्या शाळांमधून स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) शिकवायची परंपरा जुनी आहे, वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक गावांमध्येही चांगले कॉयर आहेत. (आणि हे संगीत आपल्याकडे अगदीच परकं नाही बरं का, सोळाव्या शतकात पोर्तुगीज चर्चबरोबर ते गोव्यात आलं होतं, आणि अकबराच्या दरबारात गोव्याहून आणलेला ऑर्गन वाजवून दाखवल्याचं बदायूनी या तेव्हाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय.)

हिंदुस्थानी शिकलेल्यांनाही बिनधास्त घ्या. त्यांचा सूर पक्का असतो आणि एक ओळ शेवटपर्यंत धरून ठेवायची सवय असते. फक्त दोन गोष्टी त्यांना सोडाव्या लागतात, एक म्हणजे स्वरांना जोडणारी मींड, कारण चार जण एकाच वेळी घसरले तर काहीच कळत नाही, आणि दुसरं म्हणजे मनात आलं तसं थांबणं. सुरुवातीला त्यांनी ओळीखाली सरगम लिहून घेतली तरी चालेल, त्या काळातही युरोपातली पोरं ऊत-रे-मी-फा-सोल-ला म्हणतच शिकायची आणि त्यांचा "ऊत" आपल्या सा सारखाच हलता होता. पण महिन्या-दोन महिन्यांत स्टाफ वाचायला शिकाच, नाहीतर दर वेळी कुणीतरी लिहून द्यायची वाट बघत बसाल.

पहिल्या चीजा कोणत्या

इथे बहुतेक ग्रुप घोटाळा करतात. कुणालातरी टॅलिसचं चाळीस पार्टांचं 'स्पेम इन आलियुम' आवडलेलं असतं, कुणाला पालेस्त्रीनाचा 'मिस्सा पापे मार्चेल्ली', तो सहा पार्टांचा, आणि पहिल्याच दिवशी सगळे बुडतात. माझा क्रम असा.

दोघंच असाल तर ऑर्लांदो दि लास्सोच्या १५७७ च्या दोन पार्टांच्या रचना घ्या, चोवीस आहेत, त्यातल्या बारांना शब्द आहेत आणि बारांना नाहीत, म्हणजे गायलाही होतं आणि वाजवायलाही. ते लिहिलंयच शिकणाऱ्यांसाठी. थॉमस मॉर्लीची १५९५ ची दोन आवाजांची इंग्लिश गाणी पण छान आहेत, जरा खेळकर.

चौघं जमले की क्लोदाँ द सर्मिझीचं 'ताँ क व्हिव्रे'. शब्द क्लेमाँ मारोचे, पॅरिसच्या पिएर आतेन्याँने १५२८ च्या सुमारास छापलेलं. सगळे पार्ट बहुतेक वेळ एकत्रच चालतात, चाल लगेच कानात बसते. त्यानंतर याकोब आर्काडेल्टचं 'इल बिआंको ए दोल्चे चीन्यो', १५३९ चं. आणि मग थॉमस टॅलिसचं 'इफ यी लव्ह मी', १५६५ मध्ये छापलेलं, दोन-अडीच मिनिटांचं छोटंसं आहे आणि माझ्या मते शिकवायला याच्याइतकं चांगलं काहीच नाही, कारण सुरुवातीची ओळ चौघं एकत्र म्हणतात आणि मग लगेच आवाज एकामागून एक येऊ लागतात. म्हणजे एकाच पानात दोन्ही पद्धती शिकून होतात.

नाचाची गाणी हवी असतील तर आर्बोचं 'ऑर्केसोग्राफी' (१५८९) आणि अँटवर्पच्या तिल्मन सुसातोने १५५१ मध्ये छापलेली नाचांची चोपडी. आर्बोची 'बेल की तियाँ मा व्ही' ही पावान (संथ चालीचा नाच) चार आवाजांत आहे आणि तिच्याबरोबर ढोलाचा ठेका पण त्याने लिहून दिलाय, एक लांब दोन आखूड, एक लांब दोन आखूड, शेवटपर्यंत तेवढाच. ज्याला गाता येत नाही पण ग्रुपमध्ये यायचंय त्याला हा ठेका द्या, आणि हळू चालीत तोच ठेका न ढळता धरणं किती अवघड आहे ते त्याला लगेच कळेल.

नोटेशन फुकट मिळतं. इंटरनेटवर कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी आणि आयएमएसएलपी या दोन ठिकाणी जवळपास सगळं आहे. पण तिथे कुणीही टाइप करून टाकतं, त्यामुळे एकाच गाण्याच्या तीन-चार आवृत्त्या असतील तर ज्यात एडिटरने मूळ क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारं ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह), मूळ पट्टी आणि काय बदललं ते लिहिलंय ती घ्या. शार्प-फ्लॅटची (स्वर अर्धा चढवायची-उतरवायची) चिन्हं नीट बघा, स्वराच्या शेजारी छापलेलं चिन्ह मूळ छपाईतलं असतं आणि स्वराच्या डोक्यावर छोटं छापलेलं एडिटरने सुचवलेलं. डोक्यावरचं तुम्ही विचार करून बदलू शकता, शेजारचं नाही.

आणि अजून एक, पूर्ण स्कोअरवरून गाऊ नका, निदान कायम नको. त्या काळात प्रत्येकाला फक्त स्वतःच्या पार्टचं पुस्तक मिळायचं आणि त्यात उभ्या मात्रेच्या रेषा नसायच्या. तुमचा पार्ट वेगळा कापून घ्या. डोळ्यांना दुसऱ्याचा पार्ट दिसत नाही म्हटल्यावर कान आपोआप उघडतात, हा फरक पहिल्या रिहर्सललाच जाणवतो.

सूर लावणं, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

ज्यांनी तंबोऱ्यासमोर बसून गायलंय त्यांना इथे मोठा फायदा आहे. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो ना, तोच गांधार या संगीताला पाहिजे. पियानो-हार्मोनियमचा गांधार सा पासून ४०० सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) असतो, नैसर्गिक गांधार ३८६ च्या आसपास, म्हणजे साधारण १४ सेंट खाली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चार जण लांब स्वर धरून उभे असताना त्या १४ सेंटांनी सगळं ढवळून निघतं. म्हणून रिहर्सलला हार्मोनियम किंवा पियानोवर पार्ट वाजवून शिकवू नका. कीबोर्डशिवाय जमतच नसेल तर डिजिटल कीबोर्डमध्ये बऱ्याचदा मीनटोन ट्यूनिंगचा पर्याय असतो तो लावा. ही पद्धत पिएत्रो आरोनने १५२३ मध्येच सांगितलीय, त्यात गांधार शुद्ध ठेवण्यासाठी पंचम पाच-साडेपाच सेंटांनी किंचित आखूड करतात.

व्यायाम असा करा. मोबाइलवर तंबोरा लावा, सा-प. बेसवाल्याने (सगळ्यात खालच्या आवाजाने) सा धरायचा, मग दुसऱ्याने वरचा सा, मग तिसऱ्याने प, आणि तिघं एकदम स्थिर झाल्यावरच चौथ्याने ग. ग मुद्दाम थोडा चढा लावायचा आणि अगदी हळूहळू खाली आणायचा. आधी आवाजात थरथर ऐकू येईल, भप-भप-भप असं, ती हळू होत जाते आणि एका जागी थांबते. तिथे थांबा. त्या क्षणी चौघांचा मिळून आवाज अचानक मोठा वाटतो, कुणी जोर न लावता. मग जागा बदला, प्रत्येकाने ग गायला पाहिजे. गाण्याला हात लावण्याआधी हे रोज, पाच मिनिटं का होईना.

व्हायब्रॅटो (स्वर मुद्दाम थरथरवणं) सारखा लावत राहिलात तर हे होणारच नाही. आवाज दाबून पांढरा करा असं मी म्हणत नाहीये, मोकळा आणि बोलल्यासारखा ठेवा, स्वर हलवायचाच असेल तर एखाद्या लांब स्वरावर ठरवून हलवा.

पट्टीचं फार मनावर घेऊ नका. प्रत्येक गावाच्या ऑर्गनची पट्टी वेगळी होती, आज ४४० हर्ट्झवरची वाद्यं मिळतात आणि इटालियन धाटणीची ४६६ वरचीही. फक्त गाणारेच असाल तर सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर बघा आणि चौघांना सोयीची पट्टी धरा. वरच्या क्लेफमध्ये लिहिलेल्या रचना तेव्हाही चार-पाच स्वर खाली घेऊनच गायच्या, त्यामुळे पट्टी बदलली म्हणजे पाप केलं असं काही नाही.

वाद्यं

आता वाद्य. पहिलं वाद्य रेकॉर्डर, दुसरा विचारच नको. प्लास्टिकचे चांगले रेकॉर्डर स्वस्तात मिळतात, यामाहाचे सगळीकडे मिळतात, घेताना बरोक फिंगरिंगचा (फिंगरिंग म्हणजे भोकांवर बोटं ठेवायची पद्धत) घ्या, जर्मन फिंगरिंगचा नको, त्यात सुरुवातीला एक स्वर सोपा वाटतो आणि पुढे अर्धे स्वर बेसूर निघतात. शाळेतला छोटा सोप्रानो एकटाच घेऊ नका, कर्कश वाटतो. आल्टो, टेनर आणि बेस हे क्रमाने आणखी खालच्या आवाजाचे मिळून जो मऊ आवाज येतो तो खरा. रेकॉर्डरचा संच गाण्याच्या पार्टांपेक्षा एक सप्तक वर वाजतो, त्यात चूक काही नाही, पण एक टेनर गळा आणि तीन रेकॉर्डर असं मिसळताना कोण कुठल्या सप्तकात आहे ते आधी बघून घ्या, नाहीतर बेसची ओळ टेनरच्या वर जाऊन बसते.

जीभ शिका. गानास्सीने तीन मूळ बोल दिलेत, टेके-टेके, टेरे-टेरे आणि लेरे-लेरे, पहिला कडक, शेवटचा मऊ, आणि मधला दोन्हींच्या मधला. सगळे स्वर सारख्याच "टू-टू-टू" ने वाजवले की ते शिट्टीसारखं लागतं. हे बोल आधी रेकॉर्डर न घेता तोंडाने म्हणून बघा, तबल्याचे बोल म्हणायची ज्यांना सवय आहे त्यांची जीभ लगेच वळते.

गिटार येत असेल तर ल्यूटसाठी थांबू नका. तिसरी तार अर्धा स्वर खाली, जी ची एफ शार्प करा, आणि तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. झालं, तुमच्या गिटारच्या सहा तारा जी ल्यूटसारख्या लागल्या, आता जुनं टॅब्लेचर (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारं लिखाण) जसंच्या तसं वाचता येतं. फ्रेंच-इंग्लिश टॅब्लेचरमध्ये अक्षरं असतात, इटालियनमध्ये आकडे आणि तारा उलट्या क्रमाने, म्हणजे खालची रेघ म्हणजे वरची तार. स्पेनमध्ये व्हिहुएला वाजायची, तिची लावणी अशीच, पण लुईस मिलानच्या १५३६ च्या पुस्तकात आकडे असले तरी वरची रेघ म्हणजे वरचीच तार, तेवढं बघून घ्या.

व्हायोला दा गाम्बा, म्हणजेच व्हायोल, हे माझं अत्यंत आवडतं वाद्य, सहा तारा, गळ्यावर आतड्याच्या तारेचे बांधलेले पडदे, गज तळहात वर करून धरायचा. सतारीसारखेच हे पडदे सरकवता येतात त्यामुळे गांधार शुद्ध लावता येतो. पण शिकवणारा समोर पाहिजे, आणि आपल्याकडे मुंबई-कोकणात पावसाळ्यात आतड्याच्या तारा ओल धरून सारख्या उतरतात आणि तुटतात. सिंथेटिक तारा मिळतात, त्या लावा. लाकडी रेकॉर्डर नवा घेतला तर पहिले काही दिवस रोज दहा-पंधरा मिनिटांच्या वर वाजवू नका, लाकूड ओलावा पिऊन फुटतं.

क्रमहॉर्न बघून सगळ्यांना मोह होतो, तो वाकडा आकार आणि तो बझ्झ आवाज, पण जेमतेम नऊ स्वर निघतात आणि सुरात ठेवणं जिकिरीचं, पहिल्या खरेदीत नको. कॉर्नेट म्हणजे चामडं गुंडाळलेलं लाकडी वाद्य, माणसाच्या आवाजाच्या सगळ्यात जवळचं म्हणून तेव्हा नावाजलेलं, आणि फार अवघड, आधी ट्रम्पेट वाजवलेला कुणी असेल तरच. शॉम हा आपल्या सनईचा भाऊबंद, दुहेरी पातीचा, आणि तो अंगणात वाजवायचा. त्या काळी मोठ्या आवाजाची आणि हळू आवाजाची वाद्यं असे सरळ दोन गट मानायचे, शॉम आणि सॅकबट (ट्रॉम्बोनचा पूर्वज) एका बाजूला, ल्यूट-व्हायोल-रेकॉर्डर दुसऱ्या. शॉमशेजारी ल्यूटवाल्याला बसवू नका, त्याचं कुणालाच ऐकू जाणार नाही.

मात्रा, शब्द आणि कॅडेन्स

ठेका हाताने द्या, एक खाली एक वर, दोन्ही सारखे. काठीवाला कंडक्टर नको, चौघांपैकी एकाने हात हलवला तरी पुरे आणि जमलं की तोही बंद. लय ठरवताना सगळ्यात बारीक स्वर स्पष्ट म्हणता येतील एवढीच ठेवा. आणि छापील रेषेनंतरच्या पहिल्या स्वरावर आपोआप जोर देऊ नका, जोर शब्दावर येतो. पार्ट गाण्याआधी मजकूर मोठ्याने वाचा, अर्थ समजून घ्या, कुठल्या अक्षरावर वजन आहे तिथे खूण करा. 'इफ यी लव्ह मी' मध्ये "कमांडमेंट्स" शब्दात वजन "मां" वर आहे, शेवटच्या अक्षरावर कुणी आपटलं की सगळी ओळ मोडते. पुढे आवाज एकामागून एक येतात तिथे जो नवीन येतोय त्याने जरा पुढे यायचं आणि बाकीच्यांनी मागे सरकायचं, शब्द कळेपर्यंतच, मग त्यानेही मागे सरकायचं.

कॅडेन्स, म्हणजे ओळीच्या शेवटी सगळे येऊन विसावतात ती जागा, मी सरगममध्ये सांगतो कारण तशी पटकन कळते. टेनर रे वरून सा वर उतरतो. त्याच वेळी वरचा आवाज आधीपासून सा धरून बसलेला असतो, टेनर रे वर आला की तो सा टोचायला लागतो, मग सा खाली नी वर येतो आणि शेवटी दोघं सा वर, एक वर एक खाली. तो टोचणारा सा धरलेल्याने त्यावर थोडं वजन टाकायचं आणि नी वर आल्यावर सैल सोडायचं. बहुतेक नवीन लोक नेमकं उलट करतात, सा वर घाबरतात आणि नी जोरात म्हणतात. आता त्या रचनेत कोमल नी असेल तर इथे शुद्ध करायचा, कागदावर लिहिलं नसलं तरी, तेव्हाचे गायक हे न सांगता करायचे. अपवाद एकच, टेनर कोमल रे वरून सा वर येत असेल तर वरचा नी कोमलच ठेवायचा, कारण अर्ध्या स्वराची पायरी खालच्या आवाजाला आधीच मिळालेली असते. एवढा नियम कळला तरी डोक्यावरच्या निम्म्या चिन्हांचा उलगडा होतो.

सजावट नंतर. दिएगो ओर्तिझचं १५५३ चं रोममध्ये छापलेलं पुस्तक यासाठी सोनं आहे, एकेका कॅडेन्सला भरायचे कितीतरी नमुने दिलेत, त्यातले दोन-तीन पाठ करा. पण एका वेळी एकानेच. सेव्हियाच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सिस्को गेरेरोने १५८६ मध्ये वादकांसाठी नियम लिहून दिले होते, त्यात हेच बजावलंय की दोघं एकाच वेळी सजवायला लागले की कानाला भलतंच ऐकू येतं, म्हणून एकाने सजवताना दुसऱ्याने साधं वाजवायचं. आणि एक श्लोक शॉमवर, एक कॉर्नेटवर, एक रेकॉर्डरवर घ्या, कारण सतत तेच वाद्य ऐकून कंटाळा येतो. आपला कार्यक्रम बसवायला याहून वेगळा सल्ला लागत नाही, एक कडवं नुसतं गा, एक वाजवा, तिसऱ्यात एक गळा आणि तीन वाद्यं.

लोकांसमोर

अर्धवर्तुळात उभे रहा, बेस मध्ये, कडेला नको, सगळ्यांचा सूर त्याच्यावर उभा असतो. गालिचे-पडद्यांची खोली टाळा, दगडी किंवा फरशीची उंच जागा बघा, मग ती जुना वाडा असो की शाळेचा जिना. जागेचा घुमारा जास्त असेल तर लय थोडी कमी करा आणि शब्दांची व्यंजनं जास्त टोकदार म्हणा. पहिल्यांदा वीस-पंचवीस मिनिटं पुरे, शब्दांचा मराठी अर्थ आधी वाचून दाखवा, ऐकणारे एकदम जवळ येतात. त्यानंतर विल्यम बर्डचा तीन आवाजांचा मास (चर्चच्या मुख्य प्रार्थनेचं संगीत) घ्यायला हरकत नाही, आणि तो बसला की विक्तोरियाचं १५७२ चं 'ओ माग्नुम मिस्तेरियुम', तिथे मात्र चौथा माणूस परत बोलवावा लागेल.